कपाट उघडताना : वाचकांचे प्रश्न

पावसाळा सरत आला की मला येणाऱ्या पत्रांचे विषय ठरलेले असतात : बुरशी, कसर आणि सून. यंदाही तिन्ही आहेत. पत्रं पुष्कळ, जागा तेवढीच, म्हणून काहींची उत्तरं दोन ओळींत उरकली आहेत. राग मानू नये.

प्रश्न : मिरजेच्या जुन्या घराच्या माळ्यावर आजोबांची पत्र्याची ट्रंक सापडली. आत चाळीसेक काळ्या तबकड्या आहेत, काहींवर पांढरी बुरशी चढली आहे. एक गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची आहे, बाकी बहुतेक नाट्यपदं. धुवायच्या कशा? आणि विकल्या तर किती येतील? (एक वाचक, मिरज)

उत्तर : किमतीचं आधी सांगून टाकते, म्हणजे तुमचं मन धुण्यात लागेल. बहुतेक ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या) तबकड्यांना फार पैसे येत नाहीत. लोकप्रिय नाट्यपदं त्या काळी भरपूर निघाली, घरोघरी गेली, त्यामुळे पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात ती आजही ढिगाने दिसतात. मोल असतं ते एकाच बाजूला ध्वनिमुद्रण असलेल्या अगदी सुरुवातीच्या तबकड्यांना, किंवा ज्यांच्या ध्वनिमुद्रिका मुळातच कमी निघाल्या अशा गायकांना. भास्करबुवा बखले किंवा अल्लादिया खाँ या जुन्या गवयांची तबकडी आहे असं कुणी सांगितलं तर हसून विषय बदला. दोघांचीही ध्वनिमुद्रिका नाही. लेबलं नीट पाहा. कुत्रा आणि कर्णा म्हणजे एचएमव्ही, ते सर्रास मिळतं. ओडियन, यंग इंडिया अशी नावं दिसली तर ती तबकडी बाजूला काढून ठेवा आणि जाणकाराला दाखवल्याशिवाय हातची सोडू नका. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची मंडळी आहेत. लेबलावरचे आणि लेबलाशेजारी खरवडलेले क्रमांक कसे वाचायचे ते अशा माणसांत बसूनच कळतं.

खाँसाहेबांची तबकडी विकायचा मात्र विचारही करू नका. ते तुमच्याच गावात राहिले, १९३७ साली गेले, आणि मिरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांच्या आठवणीत उरुसाला अजून गाणं होतं. तुमच्या आजोबांनी त्यांना समोर बसून ऐकलं असण्याची शक्यता आहे. घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर आजच विचारून ठेवा आणि जे सांगतील ते तबकडीच्या पाकिटात चिठ्ठी करून घाला.

आता धुणं. या तबकड्या लाखेच्या : लाख, दगडाची पूड आणि काजळी. त्यामुळे स्पिरिट, सॅनिटायझर, अल्कोहोल असलेलं काहीही लावायचं नाही. सुतार चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच पॉलिश बनवतो, तेच तुमच्या नाट्यपदाचं होईल. बुरशी अंगणात, नाकातोंडाला रुमाल बांधून, मऊ कोरड्या ब्रशने काढा. ब्रश खाचांच्या दिशेने, गोल फिरला पाहिजे. आडवा मारलात तर धूळ खाचांत आणखी घट्ट बसते. मग गाडीच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात बिनवासाच्या सौम्य लिक्विड सोपचा थेंबभर, आणि मऊ कपड्याने त्याच गोल दिशेने पुसा. नंतर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा एकदा. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार खाचांत राहतात. लेबल ओलं होऊ द्यायचं नाही; मी त्यावर स्टीलची वाटी उपडी दाबून धरते. बादलीत भिजत घालणारे महाभाग मी पाहिले आहेत. काही तबकड्यांच्या पोटात पुठ्ठ्याचा थर असतो, तो फुगतो आणि वरची लाख पोपड्यांसारखी सुटते. तडा गेलेली तबकडी धुऊच नका. बाकीच्या ताटाळ्यात उभ्या ठेवून सावलीत वाळवा.

वाजवताना : चावीचा ग्रामोफोन असेल तर एका बाजूला एक पिन, मग ती फेकायची. पिन पोलादाची असली तरी मऊ असते, तबकडीतली दगडाची पूड तिला तीन मिनिटांत झिजवते आणि झिजलेली पिन पुढची तबकडी खरवडते. आमच्या घरी ‘हे’ पिना मोजून देत असत आणि मी वापरलेल्या पिनांवर पत्रिका टाचत असे. नवा टर्नटेबल घेणार असाल तर त्यावर ७८चा वेग आहे ना ते बघा, आणि ७८साठी रुंद टोकाची सुई वेगळी घ्या. एलपीची (नंतर आलेल्या, जास्त वेळ वाजणाऱ्या तबकडीची) बारीक सुई या रुंद खाचेच्या तळाशी जाते आणि तिथली धूळच ऐकवते. उलटही लक्षात ठेवा : चावीच्या ग्रामोफोनवर एलपी एकदाही लावायची नाही. त्याचा वजनदार साउंडबॉक्स (पिन धरणारं डोकं) पहिल्याच फेरीत तिची खाच नांगरून टाकतो.

ठेवायच्या उभ्या, प्रत्येकी कागदी पाकिटात. आडवी थप्पी लावली की सगळ्यांत खालची आधी तडकते.

प्रश्न : माझ्याकडे शंभरेक एलपी, त्याहून जास्त कॅसेटा आणि सीडी आहेत. मुलगा-सून म्हणतात, बाबा, हे सगळं फोनवर आहे, एक भिंत मोकळी होईल. त्यांना काय उत्तर देऊ? (एक निवृत्त वाचक, ठाणे)

उत्तर : आधी त्यांचं बरोबर आहे तेवढं मान्य करा. ठाण्यात एक भिंत म्हणजे काय ते मी डोंबिवलीच्या दोन खोल्यांत राहून तुम्हाला सांगायला नको.

पण ‘सगळं फोनवर आहे’ हे तपासून घ्या. एका संध्याकाळी सुनेला शेजारी बसवा. तुम्ही कपाटातून दहा नावं काढा, तिने फोनवर शोधावीत. काही लगेच सापडतील. काही गाणी सापडतील पण ती तुमची नसतील : त्याच गायकाने पुढे कधीतरी नव्या वाद्यवृंदावर पुन्हा गायलेली. काहींवर भलत्याच गायकाचं नाव असेल. काही गेल्या वर्षी होती, आता करार संपल्याने गेली. आणि संगीत नाटकाची, छोट्या कंपन्यांनी काढलेली, आकाशवाणीवरून तुम्ही स्वतः टेप केलेली, ही तर नसतीलच.

सिनेमाच्या गाण्यांची गंमत आणखी वेगळी. दहा इंची ७८ची एक बाजू सव्वातीन-साडेतीन मिनिटांत संपते. त्यामुळे पडद्यावर चार कडव्यांचं असलेलं गाणं तबकडीवर पुष्कळदा तीन कडव्यांचं झालं. नाहीतर दोन बाजूंवर भाग १, भाग २ करून विभागलं गेलं. तबकडी ऐकून वाढलेला माणूस सिनेमा बघताना चौथ्या कडव्याला दचकतो. फोनवर यातलं कुठलं आहे ते कुणी लिहीत नाही. ख्याल गाणाऱ्यांनी त्याच तीन मिनिटांत राग उभा केला, हेही तबकडी फिरताना बघितल्याशिवाय नीट उमगत नाही. सुई लेबलाकडे सरकत असते आणि गवई अजून तानेत असतो. आपला जीव वर-खाली होतो.

सुनेला हेही सांगा की एलपीची एक बाजू वीस-पंचवीस मिनिटांची असते. आमच्याकडे रविवारी दुपारी एक बाजू लागते. तेवढ्यात माझी गवार निवडून होते, आणि मधेच गाणं बदला म्हणून कुणी ओरडत नाही, कारण त्यासाठी उठावं लागतं. शिवाय पाकिटाची मागची बाजू आहे : साथीला कोण, तंबोऱ्यावर कोण, राग कुठला, ताल कुठला. तबलजींची नावं मला पाकिटांनी शिकवली.

आता तुमची बाजू थोडी कमी करते. जे सीडीवर आहे तेच कॅसेटवर असेल आणि कॅसेट कंपनीची छापील असेल, तर ती जाऊ द्या. रस्त्यावरून घेतलेल्या नकली एमपी३ सीड्या जाऊ द्या. जे गेल्या दहा वर्षांत लावलं नाही आणि आता लावायला सांगितलं तरी जीवावर येतं, तेही जाऊ द्या, कुणाच्या का भेटीतलं असेना. अर्धी भिंत त्यांना, अर्धी तुम्हाला. मी तुमच्या सुनेच्या जागी असते तर याला तयार झाले असते.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाने आईच्या जात्यावरच्या ओव्या १९८७च्या सुमारास कॅसेटवर टेप केल्या होत्या. आई आता नाही. आमच्याकडे टेपरेकॉर्डर उरलेला नाही. लग्नाच्या व्हिडिओचं काम करणारा एक मुलगा करून देतो म्हणतो. देऊ का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : हे पत्र खरं तर सगळ्यांत वर छापायला हवं होतं. आधी एक काम करा : कॅसेटच्या वरच्या कडेला दोन टोकांना दोन छोटे चौकोनी दात असतात, ते मोडून टाका. आता या कॅसेटवर चुकूनही काही टेप होणार नाही.

मग खिडकीतून रिळं बघा. पांढरी बुरशी दिसली तर ती कुठल्याही यंत्रात घालू नका, जुन्या टेपांचं काम करणाऱ्या माणसाकडेच न्या. स्वच्छ दिसत असेल तर चांगला, दुरुस्त केलेला कॅसेट डेक मिळवा. आधी त्यात दुसरी निकामी कॅसेट चालवून तो टेप खात नाही याची खात्री करा. डेकचं हेड, म्हणजे टेप ज्याला घासून जाते तो भाग, स्पिरिटच्या बोळ्याने पुसा (इथे स्पिरिट चालतं). आईची कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळा, इतक्या वर्षांत चिकटलेले वेढे मोकळे होतात. आवाज दबका येत असेल तर टेपच्या मागची फेल्टची इवलीशी गादी सुटलेली असण्याची शक्यता असते. रिळं उचलून स्क्रूच्या दुसऱ्या कॅसेटमध्ये ठेवता येतात. जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा हे पाच मिनिटांत करतो. त्याच्याकडून हेडशेजारचा स्क्रूही जुळवून घ्या, बोथट आवाज पुष्कळदा तिथेच उघडतो.

स्पीकरपुढे मोबाईल धरून टेप करायचं नाही. डेकच्या लाइन-आउटमधून वायरने संगणकात घ्या. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर त्याला पुरतं. फाइल डब्ल्यूएव्ही या, आवाज न दाबणाऱ्या प्रकारात ठेवा. एमपी३ करायची ती नातेवाइकांना पाठवण्यापुरती.

त्या मुलाला द्यायला हरकत नाही, पण तुम्ही शेजारी बसा आणि ‘खरखर काढून देतो’ म्हणाला तर आधी मूळ फाइल जशीच्या तशी मागून घ्या. खरखर काढणाऱ्या सॉफ्टवेअरला जात्याची घरघर हीसुद्धा खरखरच वाटते. ती गेली तर ओव्या अधांतरी राहतील. एक प्रत तुमच्याकडे, एक भावाकडे, एक तिसऱ्या गावातल्या कुणाकडे. फाइलच्या नावात आईचं नाव, गाव, साल लिहा. आणि कॅसेट फेकू नका.

प्रश्न : जुन्या मराठी सिनेमांच्या आणि नाटकांच्या व्हीसीडी खोका भरून आहेत. प्लेअर बंद पडला. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : यूएसबीचा बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह घ्या, व्हीसीडीही त्यावर चालते. आत एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर असतो, त्यातली मोठी डॅट फाइल संगणकावर उतरवा, व्हीएलसी या प्लेअर सॉफ्टवेअरमध्ये ती सरळ चालते. एका व्हीसीडीवर जेमतेम सव्वा तास मावतो, म्हणून दोन-तीन तबकड्यांचा क्रम चुकवू नका. सिनेमे मागे ठेवा, नाटकं आधी उतरवा. सिनेमा पुन्हा कुठेतरी भेटतो. त्या संचातलं ते नाटक भेटेलच असं नाही.

प्रश्न : आमच्या रत्नागिरीच्या घरात पुस्तकांना दरवर्षी कसर लागते. डांबरगोळ्या, कडुनिंब, सगळं करून झालं. लोखंडी कपाट घेतलं तर त्यात वास येऊ लागला. (एक शिक्षिका, रत्नागिरी)

उत्तर : कोकणात पुस्तकांचा खरा शत्रू दमट हवा हाच. ती असली की बुरशी येते आणि कसर सुखाने नांदते. लोखंडी कपाट वाळवीला थोपवतं, पण पावसाळ्यात बंद राहिलं तर आतली हवा कोंडते, तोच तो वास. त्यामुळे कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका, चार बोटं जागा सोडा. पुस्तकं ठासून भरू नका. पावसात उघडीप मिळाली आणि हवा कोरडी वाटली की दारं उघडून पंखा लावा. ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं की सगळी पुस्तकं बाहेर काढून सावलीत वारा द्या; थेट उन्हात रंग उडतो आणि बांधणीचा डिंक तडकतो. सिलिका जेलच्या पुड्या चालतात, पण त्या पाणी पिऊन भरतात, मग वाळवून घ्याव्या लागतात किंवा बदलाव्या लागतात.

कसर पुस्तकाच्या पाठीत का शिरते माहीत आहे? तिथे खळ असते. मैद्याची खळ म्हणजे तिचं जेवणच. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालत ते यासाठी. आज बांधून घेताना बाइंडरला विचारायला हरकत नाही. कडुनिंबाचा पाला कडकडीत वाळलेला हवा. ओलसर पाला घालणं म्हणजे दमटपणा आपल्या हाताने आत नेणं. डांबरगोळ्या लहान मुलांच्या खोलीत नकोत.

ज्या पुस्तकाला आत्ता कसर लागली आहे ते प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधा आणि डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, दिवसभर खोलीत राहू द्या, नाहीतर गार कागदावर पाणी धरेल. घरातल्यांना आधी सांगून ठेवा, कोळंबीशेजारी ज्ञानेश्वरी बघून आमच्याकडे मोठं भांडण झालं होतं. दुसऱ्या फेरीला मी ती वेगळ्या कप्प्यात ठेवली.

सेलोटेपने काहीही चिकटवू नका. तळाचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर असू द्या. २६ जुलै २००५च्या पुरात आमच्याकडे तळमजल्यावरच्या लोकांचं सगळ्यांत खालचंच आधी गेलं.

प्रश्न : आई-बाबांचं पुण्याचं घर आता आवरायचं आहे. मी न्यू जर्सीत असते, तीन आठवड्यांची रजा आहे. बाबांची हजारभर पुस्तकं, दिवाळी अंकांचे गठ्ठे. एखाद्या वाचनालयाला सगळं देऊन टाकावं असं वाटतं. (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : मी कॉलेजची ग्रंथपाल होते, म्हणून आतलं सांगते : न विचारता दाराशी पोती आली की ग्रंथपाल ‘वा, छान’ म्हणतो आणि मनात कपाळावर हात मारतो. गाजलेल्या कादंबऱ्यांच्या प्रती ठाण्याच्या १८९३च्या मराठी ग्रंथसंग्रहालयात असतात तशा तुमच्या गल्लीतल्या वाचनालयातही असतात. वाचनालयांना हवं असतं ते निराळंच : गावांच्या, शाळांच्या स्मरणिका, जातीसंस्थांची मासिकं, नाटकांच्या जुन्या संहिता, बंद पडलेल्या नियतकालिकांचे सलग अंक. ‘सत्यकथा’ मासिक १९८२ला थांबलं. बाबांकडे त्याची पाच वर्षं सलग असतील तर ती फोडू नका. दिवाळी अंकांचंही तसंच. ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक १९०९ला निघाला, तेव्हापासून दरवर्षी एवढं छापलं गेलं आणि त्यातलं एवढं रद्दीत गेलं की सुटा अंक नुसताच जुना असतो, पण सलग संच अभ्यासकाला उपयोगी पडतो.

तुम्ही निघण्याआधी पुण्यातल्या कुणा नात्यातल्या मुलाला फडताळांचे फोटो काढायला सांगा, कणे वाचता येतील असे. त्यावरून यादी करा : नाव, लेखक, प्रकाशक, साल, आवृत्ती. ती यादी वाचनालयांना आधी पाठवा. मग तीन आठवडे पुरतील.

आणि प्रत्येक पुस्तक देण्याआधी उलटं धरून हलकेच झटका. बाबांच्या पिढीने पुस्तकांत पत्रं, लग्नपत्रिका, दुकानाची बिलं, क्वचित नोटाही ठेवल्या. कोपऱ्यावर पेन्सिलीने किंमत, तारीख, ‘अप्पा बळवंत चौक’ असं काही लिहिलेलं असेल ती पुस्तकं तुमच्या बॅगेसाठी. बाबा त्या दिवशी कुठे होते ते त्यात आहे. दहा-पंधरा पुरेत. बाकी वाचणाऱ्याच्या हाती जाऊ द्या.

प्रश्न : मी आठवीत आहे. आजोबांच्या मोबाईलवर खूप जुनी रेकॉर्ड ऐकली. गाणं संपल्यावर बाई इंग्रजीत स्वतःचं नाव ओरडून सांगते. का? (सोलापूर)

उत्तर : कान शाबूत आहे तुझा. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं, ते करणारा माणूस होता फ्रेड गायस्बर्ग. मूळ मेणाच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तिथे छापल्या जात. तिथल्या कारागिरांना ना भाषा कळायची ना गायिका माहीत. लेबल भलत्याचं लागू नये म्हणून शेवटी ‘माय नेम इज गौहर जान’. मायक्रोफोन नव्हता, कर्ण्यात तोंड घालून गायचं, म्हणून तो ओरडल्यासारखा आवाज. तुझ्या आजोबांना अशा आणखी दोन-तीन गायिका शोधून द्यायला सांग आणि कोण कशी नाव सांगते ते वहीत लिही.

प्रश्न : शेजाऱ्यांनी दोन वर्षांपूर्वी नेलेलं पुस्तक त्यांच्या दिवाणखान्यात रोज दिसतं. मागू की नको? संबंध चांगले आहेत. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : मागा. संबंध चांगले आहेत म्हणूनच मागा. ‘दुसऱ्या कुणाला वाचायला हवंय’ म्हणायचं, आणि ते खरं करायचं : हातात आलं की त्याच आठवड्यात तिसऱ्याला द्यायचं, यावेळी वहीत तारीख लिहून. दोन वर्षांत त्यांनी ते वाचलंच नसेल तर तसं विचारू नका. त्यांच्या फडताळात तुमच्या पुस्तकाशेजारी काय आहे ते मात्र बघून या, आणि आवडलं तर उचलून आणा.